कलावंतांना परदेशी धाडणाऱ्या विश्वस्तांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसरातील कलावंतांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यांना साहाय्य करणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, देणगीदार आणि निवड समितीचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागातून दरवर्षी काही चित्रकार, शिल्पकार, कलाशिक्षक परदेशी जातात. जुन्या संस्कृती बघायच्या, वेगळी भूमी बघायची, काही नवे सुचते का पाहायचे, हा त्यामागचा हेतू. तुमच्यापैकी कोणी ना कोणी त्यासाठी खिशात हात घालतो. सीमाभागातल्या मराठी कलावंताला बंगळूरही लांब आणि मुंबईही लांब. अशा वेळी गावातल्याच एखाद्या व्यापाऱ्याने, डॉक्टरने, पतसंस्थेने "जा, जग बघून ये" म्हणून पाठीवर हात ठेवावा, ही लहान गोष्ट नाही. माझ्या काही विद्यार्थ्यांना तो हात मिळाला आणि त्याचे मोल मला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे. पैसे जरूर द्या. फक्त ते आज ज्या पद्धतीने खर्च होतात ती पद्धत बदला, एवढीच माझी विनंती आहे.

सध्याचा दौरा कसा असतो ते तुम्ही जाणताच. पंधरा-वीस जणांचा गट, दहा-बारा दिवस, चार-पाच देश. बस थांबते, खाली उतरायला पाऊण तास मिळतो, त्यात गाईडचे बोलणे, फोटो, स्वच्छतागृह आणि कॉफी. वही पिशवीतच राहते. परत आल्यावर प्रदर्शन भरते, उद्घाटन होते, पेपरात बातमी येते. अशाच एका दौऱ्यानंतरचे प्रदर्शन मी नीट, दोन वेळा जाऊन पाहिले. पिरॅमिड होते, कोलोसियम होते, व्हेनिसच्या होड्या होत्या. हात तयार होते, जलरंगाचे वॉश सुरेख उतरले होते. पण सगळ्या चित्रांतले आकाश एकाच निळ्याचे. कैरोवरही तेच, रोमवरही तेच. तो निळा मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठरवलेला होता. चित्रे फोटोवरून घरी बसून केली होती आणि ती इथूनही करता आली असती, याचे मला फार वाईट वाटले. त्या मुलांचा यात दोष नाही. त्यांना बसायला वेळच मिळाला नव्हता.

चित्रकाराच्या डोळ्याला नव्या जागी रुळायला दिवस लागतात, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आपली मुले वाढतात ती जांभ्या दगडाच्या लाल मातीत आणि पावसाळी हिरव्यात. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघाले की जुलै-ऑगस्टमध्ये हिरव्याच्या किती छटा एकावर एक बसलेल्या दिसतात. त्या हिरव्यांची, धुक्याची, ओल्या उजेडाची सवय हाताला लागलेली असते. असा हात वाळवंटात नेऊन ठेवला तरी पहिले तीन-चार दिवस तो सवयीचेच रंग काढतो. सावली निळसर-करडी टाकतो, कारण आपल्याकडची सावली तशी असते. तिथली सावली मात्र तापलेल्या वाळूचा उजेड पिऊन तांबूस होते. हे फोटोत दिसत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी, दोन-चार कागद वाया गेल्यावर, डोळा हट्ट सोडतो आणि समोरचे बघायला लागतो. नेमक्या त्याच दिवशी आपल्या गटाची बस तिसऱ्या देशात पोचलेली असते.

फ्रेंच चित्रकार युजेन देलाक्रवा १८३२ च्या जानेवारीत फ्रेंच राजदूताच्या पथकाबरोबर मोरोक्कोला गेला. सारा प्रवास सहा महिन्यांचा. त्याने वह्याच्या वह्या भरल्या. घोडे, अंगरखे, दारातून आत पडलेला उजेड आणि शेजारी अक्षरांत लिहिलेले रंग. परतल्यावर १८३४ साली त्याने, त्याच प्रवासात पाहिलेल्या अल्जीयर्स शहरातल्या स्त्रियांचे ते प्रसिद्ध चित्र केले आणि पुढे १८६३ मध्ये मरेपर्यंत तो त्या वह्यांतून चित्रे काढत राहिला. एका प्रवासावर तीस वर्षांचे काम.

तुमच्यातले जाणकार मला लगेच चित्रकार पॉल क्लेचे नाव सांगतील. १९१४ च्या एप्रिलमध्ये क्ले, ऑगस्ट माके आणि लुई मोइये हे तीन चित्रकार मित्र ट्युनिशियाला गेले, तेही जेमतेम दोन आठवडे. तेवढ्यात क्लेचे चित्र बदलले. रंगाने आपल्याला ताब्यात घेतले, अशा अर्थाचे त्याने तिथल्या कैरुआन शहरात असताना डायरीत लिहून ठेवले. मग दिवसांचा आग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की क्लेने त्याआधी कितीतरी वर्षे रेषेवर आणि काळ्या-पांढऱ्यावर घालवली होती. रंग आपल्याला का सापडत नाही हा प्रश्न त्याच्या मनात आधीपासून सलत होता. शिवाय त्या दोन आठवड्यांत ते एका छोट्याशा टापूतच होते. माके बिचारा त्याच सप्टेंबरमध्ये महायुद्धात मारला गेला, वय अवघे २७. ट्युनिशियात त्याने केलेले जलरंग आजही ताजे वाटतात. सांगायचे ते हे की प्रश्न घेऊन गेलेल्याला थोडे दिवस पुरतात. प्रश्न न घेता गेलेल्याला सहा महिनेही पुरणार नाहीत.

हा प्रश्न तयार होतो तो घरी. माझी मुख्य मागणी इथूनच सुरू होते.

ज्याला तुम्ही निवडाल त्याला जाण्याआधी एक हिवाळाभर आपल्याच भागातल्या जुन्या जागी बसवा. स्वदेशी-परदेशी असा वाद मला घालायचा नाही. ही निव्वळ तालीम आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जुने जैन मंदिर घ्या. १२०४ साली रट्ट घराण्याच्या काळात, राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचीराज याने ती बांधली. आपण सगळे सहलीला तिथे जाऊन आलो आहोत. पण छतातले ते दगडी कमळ कागदावर उतरवायला कधी बसून बघा. वही मांडीवर ठेवता येत नाही. मान मागे टाकून, हात वर धरून काढावे लागते. पाकळ्या मध्याकडे येत येत खाली उतरतात, त्यामुळे जे जवळ आहे ते मधोमध आणि जे दूर ते कडेला; पुस्तकात शिकलेले पर्स्पेक्टिव्ह तिथे उपयोगी पडत नाही. पाकळ्या ७२. भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या मिळून. पहिल्या दिवशी मुले त्या मोजतात आणि चुकतात. दारातून आलेला उजेड फरशीवर पडून वर उसळतो आणि पाकळ्यांची खालची बाजू उजळते, म्हणजे सावली वरच्या अंगाला. नेहमी वरून येणाऱ्या उजेडाची सवय असलेला विद्यार्थी इथे हटकून गोंधळतो. खाली घासून गुळगुळीत केलेले गोल खांब आहेत, त्यांत शेजारचा खांब वाकडा होऊन दिसतो. या एका मंडपात आठवडाभर काढलेली मुलगी पुढे जगातल्या कुठल्याही देवळात, मशिदीत, चर्चमध्ये गेली तरी आधी छताकडे बघेल आणि उजेड कुठून येतो ते विचारेल.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर कृष्णेपलीकडे महाराष्ट्रात आहे, आणि त्याचा नंदी म्हणून जो सांगतात तो अलीकडे आपल्या चिकोडी तालुक्यात, यडूरला. देव एका राज्यात आणि नंदी दुसऱ्या राज्यात. आपल्या सगळ्यांचेच थोडेबहुत तसे आहे. खिद्रापूरचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, मधोमध छताला गोल मोकळीक आणि बरोबर तिच्याखाली गोल शिळा. उन्हाचा गोल सकाळपासून खांबाखांबांवरून सरकत असतो. दर तासाला एक रेखाटन करायला सांगितले तर संध्याकाळी मुलांच्या हातात दगडाची नव्हे, उजेडाची चित्रे असतात. पुढे कोणी रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळात उभे राहिले, की तिथल्या घुमटातल्या गोल मोकळिकीखाली नेमके काय करायचे हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

आणि हलशी. खानापूर तालुक्यातले हे गाव कदंब राजांची एके काळची राजधानी. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर. एकातला वराह पृथ्वीला उचलतो आहे. ती मूर्ती ज्याने पाचपंचवीस वेळा रेखाटली, तो कंबोडियात अंकोर वाटच्या सुमारे ४९ मीटर लांबीच्या समुद्रमंथनाच्या भिंतीपुढे उभा राहिला तर त्याला तिथल्या विष्णूची कंबर, खांदा, पायाचा ताण आपल्याकडच्याहून कुठे निराळा आहे हे चटकन दिसेल. गोष्ट ओळखीची आणि हात परका. शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. युरोपातच गेले पाहिजे हा आग्रह आपण कुठून आणला कोण जाणे. अंकोर, जावातले बोरोबुदूर, श्रीलंकेतले अनुराधपूर हे जवळही आहे आणि स्वस्तही.

मिसरचेच, म्हणजे इजिप्तचेच उदाहरण घेते, कारण तिथे आपले लोक हमखास जातात आणि पिरॅमिडपुढे उंटावरचा फोटो काढून परततात. लक्सॉरला नाईलच्या पश्चिम तीरावर, राजांच्या दरीत, होरेमहेब या राजाचे थडगे आहे. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचे, आणि काम अर्धवट राहिलेले. चित्रकारासाठी अर्धवट राहिलेलेच मोलाचे. एका भिंतीवर लाल रेघांच्या चौकटी आणि लाल आखणी दिसते. तिच्यावर उस्तादाने काळ्या रेघेने केलेली दुरुस्ती दिसते. दुसरीकडे कोरायला नुकता हात घातलेला. उभ्या माणसाची उंची तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटींत बसवायची, हा त्यांचा नियम. आपल्या फलक रंगवणाऱ्या पेंटरांनी वर्षानुवर्षे चौकटी आखूनच चित्रे मोठी केली. त्यांना ती भिंत बघताच हुरूप येईल. पण त्या दरीतली थडगी आलटून पालटून उघडतात. आज बंद असलेले पुढच्या आठवड्यात उघडे असू शकते. हाताशी पंधरा दिवस असतील तरच याचा उपयोग.

जवळच देर एल-मदिना नावाची वसाहत आहे. थडगी कोरणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे बायकामुलांसह राहत. घरांचे पाये अजून दिसतात. चुनखडीच्या कपच्यांवर त्यांनी कच्ची रेखाटने केली, हिशेब लिहिले, हजेरी मांडली. दुसऱ्या रामसेस राजाच्या काळातला हजेरीचा एक दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: कोण कुठल्या दिवशी आला नाही आणि का. एकाला विंचू चावला, एक घरी बिअर गाळत होता. प्राचीन संस्कृती म्हणून आपण ज्याला हात जोडतो ती अशाच रोजगारी माणसांनी घडवली, हे आपल्या कलावंताने तिथे चार दिवस राहून समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

ब्रिटिश म्युझियमचा विषय निघाला म्हणून सांगते. त्याच संग्रहात आपल्या बेळगावचे दोन शिलालेख आहेत. १२०४ सालचे, हळेगन्नडमधले म्हणजे जुन्या कन्नडमधले. बिचीराजाने बांधलेल्या जिनालयाला दिलेल्या दानांची नोंद त्यांवर कोरलेली आहे. आपल्या किल्ल्यातल्या बसदीची कागदपत्रे लंडनला आणि कमळ इथे. लंडनला जाणाऱ्या आपल्या किती जणांना हे ठाऊक असते? त्या म्युझियमात प्रवेश फुकट आहे आणि पेन्सिल-वही घेऊन बसायला मनाई नाही. जाण्याआधी एखाद्या कन्नड मित्राकडून त्या लेखांचा अर्थ समजून घ्यावा. बेळगावच्या मराठी चित्रकाराने कन्नड शिलालेखासाठी कन्नड मित्राचे दार ठोठवावे, हेही मला हवे आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एकाला महिनाभर पाठवायचे तर बाकीचे एकोणीस घरी बसतील. बसतील, खरे आहे. पण वीस जणांना पाऊण-पाऊण तास देऊन आपण विसांपैकी एकालाही काही देत नाही. वर्षाला दोघे किंवा तिघे जाऊ देत. पाच-सात वर्षांत दहा-पंधरा जणांच्या भरलेल्या वह्या गावात असतील. बाकीच्यांसाठी हलशी, देगाव, खिद्रापूर, गोकाकच्या धबधब्याजवळची जुनी देवळे हा वर्षभराचा कार्यक्रम आहेच. त्याला बसभाडे आणि डबा एवढाच खर्च. एके काळी चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी याच गावात राहून निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे केली. त्यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार रवी परांजपे पुढे नैरोबीत काम करून आले. म्हणजे तयारी इथे आणि मग प्रवास, हा क्रम आपल्या गावाला नवा नाही.

निवडीबद्दलही बोलायचे आहे. यादीत नेहमी कॅनव्हासवर काम करणारेच का असतात? खानापूरला कुंभारकामाची मोठी परंपरा आहे, केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे. गोकाकला लाकडाची फळे आणि खेळणी करणारी घराणी आहेत. ही माणसे कधी अर्ज करत नाहीत, कारण अर्ज इंग्रजीत असतो आणि 'यापूर्वीची प्रदर्शने' असा रकाना त्यात असतो. जपानी कुंभार हमादा शोजी १९२० मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडमधल्या सेंट आयव्ह्जला गेला. तीनेक वर्षे राहिला. तिथे दोघांनी मिळून जपानी पद्धतीची चढती भट्टी बांधली आणि इंग्लंडच्या खेड्यातली साधी, रोजच्या वापराची भांडी हमादाने मन लावून पाहिली. परतल्यावर तो मोठ्या शहरात न राहता माशिको नावाच्या कुंभारगावात जाऊन बसला आणि तिथलीच माती वापरत राहिला. आज माशिकोचे नाव जगभर आहे. खानापूरच्या एखाद्या तरुण कुंभाराला, कुंभारणीला तीन महिने माशिकोला पाठवले तर काय होईल, याचा विचार तरी करून बघा. अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये छापा. प्रदर्शनांच्या रकान्याऐवजी "तुमची दोन कामे आणून दाखवा" एवढे लिहा. आणि मुलींची निवड करताना "घरचे पाठवतील का" हा प्रश्न समितीने विचारू नये. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. आमच्या वेळी याच प्रश्नावर कितीतरी चांगल्या मुली मागे राहिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

परतल्यावर लगेच प्रदर्शन भरवण्याची सक्ती काढून टाका. चित्र पिकायला वर्ष लागते, कधी दहा लागतात. चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले, पण ज्या बिंदूने आज आपण त्यांना ओळखतो तो त्यांच्या चित्रात ठाम येऊन बसायला सत्तरचे दशक सरत आले, आणि त्याआधी भारतात येऊन त्यांनी अजिंठा-वेरूळ पुन्हा डोळे भरून पाहिले होते. महिन्याभरात फ्रेम लावून चित्रे टांगायची म्हटली की कलावंत फोटोच उघडणार. त्याऐवजी वह्या दाखवायला सांगा. वरेरकर नाट्य संघातल्या के. बी. कुलकर्णी कलादालनात एक दिवस टेबलांवर वह्या मांडा, चुकलेली पानेही तशीच ठेवा, आणि गेलेल्या माणसाने शेजारी बसून येणाऱ्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. नंतर त्याच वह्या घेऊन त्याने कणकुंबी, जांबोटी, नंदगड, सदलगा इथल्या शाळांत जावे. तुमच्या देणगीचा फोटो पेपरात येणार नाही कदाचित. पण एखाद्या आठवीतल्या पोराने होरेमहेबच्या भिंतीवरच्या लाल-काळ्या रेघा वहीत पाहिल्या तर त्याला कळेल की इतक्या मोठ्या चित्रकारांचीही रेघ आधी चुकायची.

यंदाची निवड करण्यापूर्वी आपल्या बैठकीत या पत्रावर चर्चा व्हावी. नियम लगेच बदलणे कठीण असेल, तर निदान एका व्यक्तीपुरता हा प्रयोग करून पाहा: एक कलावंत, एक जागा, किमान चार आठवडे, आणि जाण्याआधीचा हिवाळा आपल्या भागात. हलशी आणि किल्ल्यातल्या रेखाटनासाठी मुलांबरोबर बसायला मी आणि माझ्या ओळखीच्या काही निवृत्त कलाशिक्षिका तयार आहोत, मानधन नको. पावसाळ्यात हलशीला बाहेर बसून काम होत नाही, म्हणून नावे सप्टेंबरअखेर ठरली तर ऑक्टोबरपासून सुरुवात करता येईल. बैठकीची तारीख कळवलीत तर मी स्वतः येऊन बोलेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका
शहापूर, बेळगाव